दिशाचा हात, बुवाचं अक्षर

"लिवलं! लिवलं गो बाय, लिवलं!"

पडवीच्या तोंडाशी बसलेली शेजारची राहीबाई ओरडली आणि अंगणातली दीडदोनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना, तशी पोरं गोठ्याच्या कुडावर चढली. पितळी परातीत तांदळाचं पीठ पसरलं होतं आणि त्या पिठात अकरा वर्षांच्या दिशाचं बोट चाललं होतं. जन्मापासून जिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, जिची मान धरल्याशिवाय ताठ राहत नाही, जिला पेज भरवली तर अर्धी बाहेर येते, त्या दिशाचं बोट पिठात रेघ ओढत होतं. आधी 'आ' उमटला. मग 'ई'.

"वाचा, माउली," तीन दिवसांपूर्वी वाडीत आलेला अक्षरानंद बुवा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. त्याने दिशाचं मनगट भगव्या उपरण्याखालून धरलेलं होतं. "तुमच्या लेकीने अकरा वर्षांनी हाक मारली आहे."

दिशाची आई मंजुळा चौथी शिकलेली. तिने वाचलं, आणि पदर तोंडात कोंबून ती तिथेच खाली बसली. तिचं रडणं पाहून अंगणातल्या बायकांचा बांध फुटला.

गर्दीच्या मागे, फणसाच्या बुंध्याशी गौतमीबाई उभ्या होत्या. करंजमाळाच्या शाळेत त्या तीन वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या अंगावर काटा आला होता. आपल्याला हे पहिल्याच दिवशी खोटं वाटलं, असं त्यांनी पुढे कधीही सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांच्या मनात एवढंच आलं, की मला तीन वर्षांत जमलं नाही ते या माणसाने तीन दिवसांत केलं.

करंजमाळ म्हणजे पोलादपूरवरून कुडपणच्या अंगाला चढत जाताना, डोंगराच्या खांद्यावर बसलेली चाळीस घरांची वाडी. कर्ते पुरुष मुंबईला, वाडीत बायका, म्हातारे आणि गुरं. दिशाचा बाप नीलेशही मुंबईत एका हॉटेलात कामाला होता. वर्षातून दोनदा यायचा. घरात मंजुळा, तिचा सासरा हरिबा आणि दिशा.

गौतमीबाई महाडच्या. बदली होऊन आल्या त्या वर्षी वरून फर्मान आलं होतं, की अपंग असो, मतिमंद असो, कोणतंही मूल शाळेबाहेर राहता कामा नये. दिशाचं नाव हजेरीपटावर चढलं. पण फर्मानासोबत खुर्ची आली नाही. मदतनीस आला नाही. चार इयत्ता आणि बत्तीस मुलं सांभाळून हिला काय शिकवायचं, हे सांगणारंही कुणी आलं नाही. बाईंनी वाडीतल्या चांगू सुताराकडून जुन्या बाकाची एक खुर्ची करून घेतली, तिला गोणपाटाचे पट्टे लावले. हरिबा सकाळी नातीला पाठीवर घेऊन यायचा आणि दुपारी न्यायचा. महाडच्या शिबिरात पायांना बांधायच्या पट्ट्या मिळाल्या, त्यांनी गुडघे थोडे सरळ राहायचे.

दोन महिन्यांतून एकदा दत्ताराम सर यायचे. अशा मुलांसाठी नेमलेले फिरते शिक्षक. पन्नासेक शाळा त्यांच्या एकट्याच्या गळ्यात. त्यांनीच बाईंना चित्रांची रीत दाखवली. दोन कार्डं, एक डाव्या हाताला, एक उजव्या. 'दिशा, पाणी हवं की भाकरी?' असं विचारायचं आणि थांबायचं. घाई करायची नाही. ती ज्या चित्राकडे बघेल ते द्यायचं.

ते थांबणं फार अवघड होतं. कधी मिनिट जायचं, कधी पाच. कधी ती दोन्हींकडे न बघता कौलांतून येणाऱ्या उन्हाकडे बघत बसायची. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती दहातल्या सहासात वेळा ठरवून बघते, असं बाईंना वाटायला लागलं. वाटायला लागलं, एवढंच. दिशा किती समजते, तिला अक्षरं कळतात का, हे त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं.

आणि आता ती परातीत 'आई' लिहीत होती.

पुढच्या पंधरा दिवसांत करंजमाळाच्या पायथ्याशी जीपगाड्यांची रांग लागली. महाडकडून, बिरवाडीकडून, घाटावरूनही माणसं यायची. बुवाने दोन चेल्यांसह मंजुळाच्या पडवीतच बैठक मांडली. आवाज गोड, दाढी काळीभोर, आणि तोंड बंद म्हणून राहायचं नाही.

"वाचा चार प्रकारची," तो बोटं मोडून सांगायचा. "परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. आपण सगळे वैखरीत, जिभेच्या बोलण्यात अडकलेले. हिची वैखरी जन्मतः बंद, म्हणून परा उघडी! जसं खालचं दार लावलं की माळ्याची खिडकी उघडावी. मी कोण? मी काहीच नाही. मी विजेचा खांब. वीज वरून येते, दिवा हा लागतो. खांबाला कोण विचारतो?"

खांबाला कुणी विचारत नसलं तरी खांब दिवसातून दोनदा तूपभात जेवायचा.

एका सोमवारी दिशा शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत बाई घरी गेल्या. दिशा पडवीत पाटावर बसवलेली होती, मागे लोड, गळ्यात झेंडूची माळ. पायांच्या पट्ट्या काढून कोनाड्यात टाकल्या होत्या. गुडघे मुडपून छातीकडे आले होते.

"मंजुळाताई, हिला शाळेत का नाही पाठवलं?"

मंजुळाने मान खाली घातली. "तिनंच लिवलं, बाई."

"काय लिहिलं?"

"'मला शाळा नको. तिथं माझं मन रमत नाय.' पट्ट्या पन नको लिवलं. दुखतात म्हनं."

पट्ट्या दुखत होत्या, हे खरंच होतं. बांधताना दिशा कण्हायची. मग शाळेचंही खरं असेल का? तीन वर्षं त्या मुलीला बत्तीस पोरांच्या गलक्यात बसवून ठेवलं, ते फक्त माझ्या समाधानासाठी? त्या रात्री पोलादपूरच्या भाड्याच्या खोलीत त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी त्या पुन्हा गेल्या आणि बैठकीत अगदी पुढे बसल्या. या वेळी त्यांनी परात सोडून दिशाचा चेहरा बघितला.

बोट लिहीत होतं, 'भक्तांनो, माझा आशीर्वाद आहे.' आणि दिशा अंगणात बांधलेल्या करडाकडे बघत होती. करडू उड्या मारत होतं. तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती, ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. इकडे बोट वेलांट्या देत होतं, जोडाक्षरं काढत होतं. शब्द संपला तेव्हाही तिने पिठाकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. ज्या हाताला समोरच्या कार्डाला नुसतं शिवायला अर्धा मिनिट लागतो, तो हात न बघता 'आशीर्वाद' लिहितो?

मग करडू गोठ्यात गेलं. दिशाचा चेहरा आक्रसला. तिने हात मागे ओढला, तोंडातून घुसमटल्यासारखा आवाज काढला.

"संचार होतोय," बुवा म्हणाला. "देहाला सोसत नाही. नमस्कार करा."

लोकांनी नमस्कार केला. बाईंना मात्र स्वच्छ दिसलं. ती नको म्हणत होती. गेले दोन आठवडे ती रोज नको म्हणत होती, आणि अख्खी वाडी त्या नकोला हात जोडत होती.

त्या हरिबाशी बोलल्या, राहीबाईशी बोलल्या. राहीबाईने पानाला चुना लावता लावता तोंडावरच सांगितलं, "बाई, तुमी म्हाडच्या. तुमच्यात देव मानत नाय. तुमाला ह्यातलं काय कळायचं?"

बाई उठून निघाल्या. यावर काहीही उत्तर दिलं तरी ते वादाचं झालं असतं आणि दिशा बाजूला राहिली असती.

पुढच्या आठवड्यात परातीत नवं वाक्य उमटलं, 'मला आश्रमात ने. इथे माझं कार्य संपलं.' आश्रम कुठे, तर घाटावर, बुवा सांगेल तिथे. रविवारी निघायचं ठरलं. मुंबईहून नीलेशने फोनवर सांगितलं, "ती स्वतः बोलते ना? मग माझी परमिशन कशाला?"

बाईंनी पोलादपुरातून दत्ताराम सरांना फोन लावला.

"बाई, अकरा वर्षांत त्या पोरीला कुणी काही विचारलं नाही," सगळं ऐकून ते म्हणाले. "आणि आता तिच्याच नावाने तिला उचलून नेतायत. वाद घालू नका. एकच करा. तिला जे माहीत आहे, ते बुवाला माहीत असता कामा नये. मग बघू बोट काय लिहितं."

शनिवारी सकाळी बाई बुवाकडे गेल्या आणि वाकून बोलल्या. "बुवा, दिशा लिहिते हे शाळेच्या दप्तरी लागायला हवं. उद्या तुम्ही जाण्याआधी मुलांसमोर तिची छोटीशी परीक्षा घेऊ. मी तसं पत्र लिहून देते."

"शिक्क्यासह?" बुवाने विचारलं. त्याचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले.

"शिक्क्यासह."

रविवारी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टेबलावर एक घर उभं केलं होतं. मधोमध भिंत, दोन्ही बाजूंना खण. डाव्या खणासमोर दिशा, उजव्या खणासमोर तिचं मनगट धरून बुवा, पुढ्यात पिठाची परात. डावीकडचं उजवीकडे दिसत नव्हतं.

"दोघांनाही चित्र दाखवते, म्हणजे प्रश्न काय ते बुवांनाही कळेल," बाई म्हणाल्या. "हरिबा, तुम्ही नातीच्या मागे उभे राहा. तिची मान धरा."

पहिलं चित्र ठेवलं. बोट फिरलं. चौथीच्या मुलांनी एका सुरात वाचलं, "शेळी!" हरिबाने मान डोलावली. शेळीच होती. टाळ्या पडल्या. दुसरं, घागर. तिसरं, कोयता. बुवा आता खुर्चीत ऐसपैस टेकला होता. मंजुळाच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की बाईंना क्षणभर वाटलं, इथेच थांबावं. पण बाहेर जीप उभी होती आणि दिशाचं गाठोडं जीपमध्ये ठेवून झालं होतं.

त्यांनी चौथी चित्रं ठेवली. डाव्या खणात एक, उजव्या खणात दुसरं.

बोट फिरलं. मुलं ओरडली, "छत्री!"

"छत्री?" हरिबाने दिशाच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "छत्री कुठली रं? हितं तं म्हस हाय!"

सगळे हसले. म्हातारा चिडला. "हसताय काय? उभा जल्म म्हशी राखल्या मी. ही म्हस हाय!"

बुवाचा हात एक पळ थांबला, पण जीभ थांबली नाही. "म्हैस कुणाची? रेड्याची. रेडा कुणाचा? यमाचा. यमापासून राखणारं काय? छत्र! काय गहन उत्तर दिलं लेकराने!"

दोघातिघांनी हात जोडले. बाईंनी पुढचं चित्र ठेवलं. मुलांनी वाचलं, "एसटी!"

"चूल हाय," हरिबा म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "बाई, हितं चूल हाय."

बाईंनी पुठ्ठ्याचं घर उचललं आणि लोकांकडे वळवलं. डाव्या खणात चूल होती, उजव्या खणात एसटी.

"दिशाने चूल पाहिली," त्या म्हणाल्या. "एसटी फक्त बुवांनी पाहिली. मघाशी म्हैस तिने पाहिली, छत्री बुवांनी. सांगा, हे कोण लिहितंय?"

"तिनं माझं मन वाचलं!" बुवा उठून उभा राहिला. "हा तर त्याहून मोठा चमत्कार!"

बाईंनी परात स्वतःसमोर ओढली, हरिबाचं मनगट खालून धरलं, त्याचं बोट पिठात टेकवलं आणि हळूहळू चालवलं. मुलांनी वाचलं, "ह... रि... बा."

म्हातारा आपल्याच बोटाकडे बघत राहिला. "मी लिवलं? मी तं आंगठ्याचा मानूस!"

"तुम्ही नाही लिहिलं, हरिबा. मी लिहिलं. बोट तुमचं, हात माझा. हात सैल सोडलात, एवढंच तुम्ही केलंत. दिशाला तर हात सोडवून घ्यायची ताकदच नाही."

पांडू नावाचा, मुंबईहून सुट्टीला आलेला तरणा गडी बुवाच्या अंगावर धावला, दोघांनी त्याला आवरलं, आणि त्या झोंबाझोंबीत बुवा आणि त्याचे चेले दाराबाहेर पडले. जीप धुरळा उडवत उतरली. दिशाचं गाठोडं पहिल्याच वळणावर रस्त्यात फेकलेलं सापडलं.

पोरं ओरडत जीपमागे धावली. लोक एकमेकांना सांगू लागले की आपल्याला आधीच संशय होता. मंजुळा जागची हलली नव्हती.

"बाई," ती म्हणाली. "म्हंजे मला आई म्हनली ती..."

वीस दिवस मंजुळा रोज सकाळी परातीसमोर बसून लेकीशी बोलली होती. रात्री काय खाल्लंस, कुठं दुखतं, माझ्यावर रागावलीस का, म्हणून विचारलं होतं. आणि रोज उत्तर मिळालं होतं. ते सगळं बाईंनी एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने पुसून टाकलं होतं.

मंजुळाने दिशाच्या गळ्यातली माळ काढली, तिला खांद्यावर टाकलं आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बाई पोलीस ठाण्यावर गेल्या. हवालदार भला माणूस होता. त्याने विचारलं, "आईची तक्रार आहे का? बापाची? नाही? मग बाई, पिठात लिहिणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवू?" महिन्याभराने कानावर आलं, की बुवा दुसऱ्या खोऱ्यात एका मुक्या मुलाच्या घरी उतरला आहे. बाईंनी तिथल्या शिक्षकाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

दिशा त्या वर्षी पुन्हा शाळेत आली नाही. पट्ट्या बांधायला घेतल्या तर गुडघे सरळ होईनात. हरिबाने तिला महाडला डॉक्टरकडे नेलं, बाई सोबत गेल्या. डॉक्टरांनी पाय हातात धरून बघितले. आखडत तर वर्षभर चाललेच होते. त्यात पट्ट्या सुटल्या आणि दिवसचे दिवस एकाच बैठकीत गेले. आता मुंबईला ऑपरेशन केलं तर थोडाफार फरक पडेल, तोही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. येताना एसटीत हरिबा नातीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होता.

बाई रोज शाळा सुटल्यावर मंजुळाच्या घरी जायच्या. मंजुळा दार उघडायची, पाणी द्यायची, आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसायची. बाई दिशासमोर दोन कार्डं धरायच्या. दिशा कार्डांकडे बघेनाशी झाली होती. बाईंनी तिचं बोट नुसतं हातात घेतलं तरी ती मूठ आवळून घ्यायची. दत्ताराम सर मार्चमध्ये येऊन गेले. "वेळ लागेल," म्हणाले. किती, ते त्यांनाही सांगता आलं नाही. एप्रिलपासून त्यांच्या गळ्यात आणखी वीस शाळा पडल्या.

एका संध्याकाळी मंजुळा चुलीपासून उठली नाही, पण बोलली.

"मला दिसत व्हतं, बाई."

"काय?"

"ती हात मागं वढायची. रडायची. मी तिची आय हाय, मला कळत नव्हतं व्हय? पन वाटायचं, आजच्या दिस ऱ्हाऊ दे. आज काय लिवते ते बघू. उंद्या बंद करू." लाकूड आत सरकवत ती म्हणाली, "अकरा वरसं मी एकटीच बोलत व्हते घरात. कुनी तरी उत्तर दिलं."

बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

सुट्टीआधी शाळेत पालकांची सभा झाली. मंजुळा आली नाही. वीसबावीस माणसं होती. बाईंनी रागावून काही सांगितलं नाही, साधंच सांगितलं, आणि करंजमाळाच्या बाहेरच्यांनीही ते ऐकण्यासारखं आहे.

"आपण अडाणी म्हणून फसलो नाही," त्या म्हणाल्या. "मी बीए, डीएड झालेली बाई, मीही पंधरा दिवस हात जोडून उभी होते. आपण फसलो, कारण आपल्याला ते हवं होतं. मन अडकलेलं असतं, तिथे डोळे उघडे ठेवणं सर्वांत कठीण, आणि बुवा नेमका तिथेच बसतो. उद्या कुणी म्हणाला, तुमच्या मुक्या मुलाला बोलतं करतो, तर त्याला शिव्या देऊ नका, पायही धरू नका. तपासा. मुलाला ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक नाही, असं काहीतरी विचारा. खरं असेल ते तपासल्याने मरत नाही. आणि तपासू देत नसेल, तर त्याच दिवशी त्याला वाटेला लावा.

"दिशाला काय म्हणायचं आहे, मला माहीत नाही. कदाचित कधीच कळणार नाही. पण म्हणून तिच्या तोंडी आपले शब्द घालायचा हक्क कुणाला मिळत नाही. बुवाला नाही, तिच्या आईला नाही, मलाही नाही. तिच्याजवळ बसा, तिला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढंच आपल्या हातात आहे."

सभा संपली. माणसं चपला शोधत उठली. राहीबाई तेवढी दाराशी घोटाळली. "बाई," तिने हळूच विचारलं, "पोरीकडं जाऊन बसायचं, म्हंजे नुसतं बसायचं?"

"हो," बाई म्हणाल्या. "नुसतं बसायचं."